नगरच्या उन्हात घर थंड ठेवायचंय? आधी बघा, तुमचं घर दुपारी तापतं की रात्री

मार्च लागला की मोबाईलवर ठराविक रील्स फिरायला लागतात. एकात गच्चीवर पांढरा रंग मारला जातो आणि सांगितलं जातं, ‘घर थेट १० अंशांनी थंड!’ दुसऱ्यात पत्र्याखाली चंदेरी फॉइल लावलेली असते. तिसऱ्यात थर्माकोलचं सीलिंग असतं, चौथ्यात पफ पॅनेल. बघणारा गोंधळतो आणि शेवटी जे दुकानात मिळतं, ते आणून लावतो.

गंमत म्हणजे यातली एकही वस्तू मुळात खोटी नाही. प्रत्येक वस्तू कुठल्या तरी घरात काम करते. फक्त ते घर तुमचं असेलच असं नाही. केडगावातल्या स्लॅबच्या घराला जो उपाय लागू पडतो, तो नागापूर एमआयडीसीजवळच्या पत्र्याच्या खोलीत फुकट जाऊ शकतो. आणि पत्र्याच्या खोलीचा उपाय अकोल्याच्या कौलारू घरात उलटू शकतो.

म्हणून ‘सगळ्यात चांगलं इन्सुलेशन कोणतं?’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवूया. आधी घराचं दुखणं कुठे आहे ते बघू, मग औषध ठरवू.

ऊन घरात शिरतं कुठून?

अहिल्यानगर शहर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यालाच आपण शून्य सावली दिवस म्हणतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात घराच्या छताला सगळ्यात जास्त ऊन लागतं, दक्षिणेच्या भिंतीला जवळपास लागतच नाही, आणि उरलेलं ऊन सकाळी पूर्वेच्या तर दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर पडतं.

हे ऊन किती असतं? स्वच्छ आकाश असेल तर भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॉट. दहा बाय दहाच्या खोलीचं छत सव्वानऊ चौरस मीटरच्या आसपास भरतं. म्हणजे त्या एका छतावर ९ हजार वॉटपेक्षा जास्त उष्णता पडते. आपल्या बाथरूममधला गीझर २ हजार वॉटचा असतो. असे साडेचार गीझर छतावर चालू आहेत असं समजा. सगळीच उष्णता आत येत नाही. काही परावर्तित होते, काही वारा नेतो. पण जी आत येते, ती पुरेशी त्रासदायक असते.

यातून पहिला नियम निघतो. एकमजली घर असेल किंवा तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल, तर पहिला खर्च छतावर करा. दुसरा पश्चिमेच्या भिंतीवर. बाकीच्या भिंती नंतर. मधल्या मजल्यावर राहत असाल, तर छताचा प्रश्नच नाही, खिडक्या आणि पश्चिमेची भिंत बघा.

पत्रा दुपारी मारतो, स्लॅब रात्री

हा या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा फरक आहे.

लोखंडी पत्रा पातळ असतो. ऊन पडलं की काही मिनिटांत तापतो. उन्हाळ्याच्या दुपारी पत्र्याचं तापमान ६० ते ७० अंशांपर्यंत जातं. तापलेला पत्रा खालच्या माणसाच्या अंगावर थेट उष्णता फेकतो, जशी शेकोटी लांबूनही लागते तशी. त्यामुळे पंखा चालू असला तरी डोकं भाजल्यासारखं वाटतं. पण सूर्य मावळला की तोच पत्रा तासाभरात थंड होतो.

मग नवाकोरा चकचकीत पत्रा उन्हात चमकतो, तरी का तापतो? कारण चमकदार धातू ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण जी उष्णता पोटात गेली ती बाहेर टाकायला मात्र कंजूस असतो. पांढरा रंग किंवा चुना या दोन्ही कामांत पुढे असतो. तो ऊनही परतवतो आणि साठलेली उष्णताही आकाशाकडे सोडून देतो.

स्लॅबचं गणित उलटं आहे. काँक्रीट जड असतं. सकाळपासून ते ऊन पीत राहतं, दुपारी वरची बाजू ५५-६० अंशांवर जाते, पण ही उष्णता खालच्या बाजूला पोचायला काही तास लागतात. म्हणून दुपारी बाराला स्लॅबचं घर बरं वाटतं आणि रात्री नऊला, बाहेर गार वारं सुटलेलं असताना, बेडरूममध्ये भट्टी लागल्यासारखं होतं. रात्रभर स्लॅब दिवसाची उधारी फेडत असतो.

आता घरात कोण, कधी असतं ते बघा. दिवसभर आजी, बाळंतीण, लहान मूल पत्र्याच्या खोलीत असेल, तर दुपारची उष्णता हा त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की हवेचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की पंख्याचा उपयोग होत नाही, उलट शरीर आणखी तापतं. आणि दिवसा सगळे कामावर जाऊन रात्री स्लॅबखाली झोपत असतील, तर त्यांची झोप हा प्रश्न आहे. दोन्ही घरांना एकच उपाय विकणारा माणूस एकाची तरी फसवणूक करतोय.

आपल्या जिल्ह्यात आधी काय होतं?

नगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा. १७ हजार चौरस किलोमीटर आणि १४ तालुके. पश्चिमेला अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई आणि धो धो पाऊस. पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत हा पर्जन्यछायेतला कोरडा पट्टा. घरंही त्या त्या हवेप्रमाणे बांधली गेली.

कोरड्या भागात धाब्याची, म्हणजे माळवदाची घरं होती. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती दगड-मातीच्या, हात-दोन हात जाडीच्या. अशा घरात दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आणि लोक तोवर अंगणात किंवा माळवदावर झोपायला गेलेले असायचे. उष्णता येत होती, पण माणूस नसलेल्या वेळी येत होती.

पावसाच्या अकोले भागात मातीचं सपाट छत टिकणारच नव्हतं. तिथे उतरतं कौलारू छप्पर आलं. कौलांच्या फटींमधून गरम हवा आपोआप वर निघून जाते.

ऊसतोड मजुरांच्या कोपीवर पाचट असतं. वाळलेल्या पाचटात हवा अडकलेली असते आणि अडकलेली हवा हेच स्वस्तातलं इन्सुलेशन आहे. गोठ्याच्या पत्र्यावर पाचट टाकणारा शेतकरी हेच करतो. गाय तापली की दूध कमी होतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मात्र पाचट पेट घ्यायला एक ठिणगी पुरते, म्हणून माणसांच्या घरावर, चुलीच्या किंवा विजेच्या तारांच्या जवळ ते टाकू नये.

आणि राजेशाही उदाहरण हवं असेल, तर नगर शहराजवळचा फराहबाग बघा. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेला हा महाल तलावाच्या मधोमध होता. जाड भिंती, चुन्याचा गिलावा, उंच दालन आणि चारी बाजूंनी पाणी. त्या काळचा एसीच म्हणा. आज पाथर्डी-पारनेरमध्ये एप्रिलमध्ये पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागते, तेव्हा पाण्याने घर गार करणं परवडणारं नाही. बाकीच्या गोष्टी मात्र आजही लागू आहेत.

इन्सुलेशन म्हणजे चपातीचा डबा

घरातला चपातीचा डबा आठवा. स्टीलच्या दोन भांड्यांच्या मध्ये फोम असतो. त्यात गरम चपात्या गरम राहतात आणि बर्फ ठेवला तर तो लवकर वितळत नाही. डबा गरम करत नाही, थंडही करत नाही. आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवतो. दूध संकलन केंद्रावरच्या बल्क कूलरच्या भिंतीत हाच प्रकार असतो.

इन्सुलेशन घर ‘थंड’ करत नाही, ही गोष्ट इथेच समजून घ्यायला हवी. आत आलेली उष्णता बाहेर जायलाही ते अडवतं. म्हणून छताला महागडं इन्सुलेशन केलं आणि दिवसभर पश्चिमेची खिडकी उघडी ठेवली, तर घर डब्यातल्या चपातीसारखं रात्रभर गरम राहील.

नगरची एक जमेची बाजू आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर आहे, हवा कोरडी आहे, त्यामुळे दुपार कितीही तापली तरी रात्री बाहेरचं तापमान चांगलं उतरतं. मुंबईत ही सोय नाही. म्हणून आपल्याकडे दिवसा खिडक्या-पडदे बंद आणि रात्री सगळं उघडं, ही जुनी सवय इन्सुलेशनचा फायदा दुप्पट करते. आणि नगरला हिवाळ्यात थंडीही कडाक्याची पडते. जानेवारीच्या पहाटे तेच इन्सुलेशन घराची ऊब धरून ठेवतं.

कोणतं मटेरियल किती अडवतं?

प्रत्येक वस्तूची उष्णता अडवण्याची ताकद वेगळी असते. समजा, १ इंच पफ लावला. तेवढीच उष्णता अडवायला बाकीच्या वस्तू साधारण किती जाडीच्या लागतील?

• थर्माकोल: दीड इंच
• ग्लासवूल किंवा रॉकवूल: दीड ते पावणेदोन इंच
• एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या सिमेंटच्या विटा: सात इंच
• भाजलेली लाल वीट: सव्वादोन फूट
• काँक्रीट: पाच फूट

‘आमचा स्लॅब सहा इंची आहे, मग काय चिंता’ असं म्हणणाऱ्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचावी. काँक्रीट उष्णता साठवतं, अडवत नाही. गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या कोब्याचंही तसंच. पाण्याला उतार द्यायला आणि गळती थांबवायला कोबा चांगला, पण इन्सुलेशन म्हणून त्यावर विसंबता येत नाही.

छतातून किती उष्णता आत येते, हे मोजायला यू-व्हॅल्यू नावाचं माप आहे. आकडा जितका लहान, तितकं छत चांगलं. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात छताची मर्यादा १.२ आहे. आपल्या साध्या उघड्या स्लॅबचा आकडा साडेतीन-पावणेचारच्या आसपास येतो, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट. त्यावर दोन इंच चांगल्या घनतेचा थर्माकोल टाकला, तर कागदावरच्या हिशोबाने आकडा ०.६ च्या जवळ येतो. म्हणजे आत येणारी उष्णता सहाव्या हिश्श्यावर. ही संहिता प्रामुख्याने मोठ्या निवासी प्रकल्पांसाठी आहे, पण तुमच्या घराला मोजपट्टी म्हणून वापरायला कोणी अडवलेलं नाही.

आता तुमचं घर कोणतं ते बघा

१. पत्र्याची खोली

पहिलं काम पांढरं करणं. पत्र्याला वरून पांढरा परावर्तक रंग द्या. अगदीच बजेट नसेल तर चुना. चुना आदल्या दिवशी भिजवून, गाळून, पकड येण्यासाठी त्यात थोडा डिंक किंवा चिकटद्रव्य मिसळून दोन-तीन हात मारतात. पावसाळ्यात तो धुपतो, म्हणून दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा मारावा लागतो. चुना कालवताना डोळे आणि हात जपा, तो कातडी जाळतो. गुजरातमध्ये अहमदाबाद महापालिकेने २०१७ पासून गरीब वस्त्यांमधली छतं अशीच पांढरी करायला सुरुवात केली. तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी राज्याचं धोरणच आणलं. अशा छतामुळे खोलीत साधारण २ ते ५ अंशांचा फरक पडतो. रीलमधल्या १० अंशांपेक्षा कमी आहे, पण ४१ आणि ३८ यातला फरक ज्याला भोगावा लागतो त्याला विचारा.

दुसरं काम खालून. पत्र्याखाली चंदेरी फॉइल लावायची असेल, तर ती पत्र्याला चिकटवू नका. पत्रा आणि फॉइल यात किमान एक इंच मोकळी हवा हवी. फॉइलचं काम पत्र्याने फेकलेली उष्णता परतवण्याचं आहे. दोन्ही एकमेकांना टेकले की उष्णता सरळ पुढे जाते आणि तुमचे पैसे पत्र्याला चिकटून राहतात. सीलिंग करणार असाल, तर वरच्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळीची तोंडं ठेवा. कोंडलेली गरम हवा बाहेर गेली पाहिजे.

नवीन पत्रे टाकायचेच असतील, तर साध्या पत्र्याऐवजी पफ पॅनेलचा विचार करा. दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेला असतो. महाग पडतं, पण पत्रा, सीलिंग आणि इन्सुलेशन असा तिन्हीचा खर्च एकत्र धरून तुलना करा. काहीही बसवलं तरी हुक आणि स्क्रू पक्के हवेत. वळवाच्या पावसाआधीचं वादळ हलके पत्रे कसे उडवतं, हे नगरकरांना सांगायला नको.

भाड्याची खोली असेल, तर मालकाशी चुन्याचं बोला.

२. सिमेंटचे पत्रे

जुन्या सिमेंट पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. त्याची धूळ फुप्फुसांसाठी घातक आहे. ते कोरडे घासू नका, कापू नका, त्यांना भोकं पाडू नका. ओले करून मऊ ब्रशने हलक्या हाताने शेवाळ काढा आणि वरून पांढरा रंग द्या. रंगामुळे ऊनही परततं आणि पृष्ठभागही झाकला जातो.

३. स्लॅबचं घर

इथे इन्सुलेशन शक्यतो वरून, गच्चीवर हवं. स्लॅब तापण्याआधीच ऊन अडवायचं आहे. खालून सीलिंगमध्ये इन्सुलेशन केलं, तर खोलीत फरक पडतो, पण स्लॅब रोज तापत-निवत राहतो आणि तडे जाण्याची शक्यता तशीच राहते. एखाद्या खोलीत रात्री काही तासच एसी लावत असाल, तर मात्र खालून केलेलं कामही चालतं.

गच्चीचा क्रम असा: आधी गळती बंद, मग वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएस किंवा जास्त घनतेच्या थर्माकोलच्या शीट, त्यावर सिमेंटचा संरक्षक थर आणि शेवटी पांढऱ्या टाइल्स किंवा चायना मोझॅक. पॅकिंगचा हलका थर्माकोल गच्चीवर चालत नाही, पायाखाली दबतो. ओल्या स्लॅबवर इन्सुलेशन टाकलं, तर गळती आत कोंडते आणि पुढे सगळं उखडावं लागतं.

बजेट कमी असेल तर नुसता पांढरा परावर्तक रंगही स्लॅबवर मोठं काम करतो. सोलर पॅनल बसवणार असाल, तर त्यांची सावली हा मोफतचा फायदा. हिरवी नेट बांधायची तर गच्चीपासून दोन-तीन फूट वर, म्हणजे खालून वारा खेळेल. आणि संध्याकाळी गच्चीवर पाणी मारण्याची सवय असेल, तर ते पाणी आधी कपडे-भांड्यांचं असू द्या.

४. जुनं माळवद

पाडायची घाई करू नका. गळतंय म्हणून अनेक जण माळवद काढून पत्रा टाकतात आणि पुढच्या मे महिन्यात पस्तावतात. भिंती आणि तुळया धड असतील, तर मातीच्या थराची डागडुजी करून वर पाणी अडवणारा थर देता येतो. वाळवी लागलेली तुळई मात्र जाणकाराला दाखवा. त्या छतावर मोठं वजन आहे आणि ते कोसळलं तर जीव जातात.

५. अकोल्याकडचं कौलारू घर

इथे मुख्य शत्रू ओल आहे. ग्लासवूल किंवा रॉकवूल भिजलं की त्यातली हवा जाते, पाणी भरतं आणि ते निकामी होतं. कौलांखाली पाणी अडवणारी शीट, त्याखाली हवा खेळायला जागा आणि मग लाकडी फळ्यांचं सीलिंग, एवढं बहुतेक घरांना पुरतं. कौलांच्या फटी सिमेंटने बुजवून टाकू नका, गरम हवा जायची वाट तीच आहे.

६. नवीन घर किंवा घरकुल

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी किमान २५ चौरस मीटर जागा आणि सपाट भागात १ लाख २० हजारांचं मूळ अनुदान असा हिशोब आहे. त्यात महागडं इन्सुलेशन बसणं अवघड. पण पैसे न लागणारे निर्णय बांधकामाआधीच घेता येतात. लांब बाजू उत्तर-दक्षिणेला ठेवणं, पश्चिमेला खिडकी टाळून तिथे संडास-बाथरूम किंवा पडवी काढणं, समोरासमोर खिडक्या देणं, छताजवळ झरोके ठेवणं, पश्चिमेला कडुलिंब लावणं. भिंतीसाठी एएसी ब्लॉक परवडत असतील तर लाल विटेपेक्षा ते उष्णता बरीच जास्त अडवतात. विटाच वापरायच्या असतील, तर त्या उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवायची ‘रॅट-ट्रॅप बाँड’ पद्धत आहे. केरळात लॉरी बेकर यांनी ती लोकप्रिय केली. विटा साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात आणि पोकळीतली हवा इन्सुलेशनचं काम करते. गवंड्याला आधी एक छोटी भिंत करून दाखवायला सांगा.

आग: याबद्दल रीलमध्ये कोणी बोलत नाही

थर्माकोल आणि पफ हे दोन्ही प्लास्टिकच आहेत. पेटले तर विषारी धूर करतात, आणि थर्माकोल वितळून जळते थेंब खाली पडतात. पत्र्याच्या खोलीत उघडा थर्माकोल, त्याला लागून विजेच्या उघड्या वायरी आणि खाली गॅसची शेगडी, ही रचना आपल्याकडे सर्रास दिसते. खोलीला दार एकच असतं.

१४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली. इमारतीच्या बाहेरून बसवलेलं आवरण आणि त्यामागचं इन्सुलेशन ज्वलनशील होतं. सुरुवात एका फ्लॅटमधल्या फ्रिजपासून झाली आणि ७२ जण गेले. ज्या देशात नियमांची पुस्तकं जाडजूड आहेत, तिथे हे झालं.

म्हणून काही गोष्टी पक्क्या पाळा. फोम किंवा थर्माकोल उघडा ठेवू नका, खालून जिप्सम किंवा सिमेंट बोर्डाने झाका. वायरिंग पाइपातून न्या. स्वयंपाकाच्या जागेवर फोम टाळा, तिथे रॉकवूल वापरा, ते जळत नाही. रॉकवूल किंवा ग्लासवूल बसवताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, त्याचे तंतू टोचतात. थर्माकोलच्या कडाही बंद करा, नाहीतर उंदीर आणि मुंग्या त्यात घर करतील.

दुकानदाराला काय विचारायचं?

• रंग घेताना विचारा: याचा ‘एसआरआय’ किती? हे ऊन परतवण्याचं आणि उष्णता सोडण्याचं एकत्र माप आहे. मानक काळ्या पृष्ठभागाला शून्य आणि मानक पांढऱ्याला १००. आकडा डब्यावर किंवा माहितीपत्रकावर छापलेला हवा.
• शीट घेताना विचारा: जाडी किती, घनता किती आणि आग प्रतिबंधक प्रकारातली आहे का? थर्माकोलसाठी आयएस ४६७१ हे भारतीय मानक आहे.
• काम देताना विचारा: सांधे कसे बंद करणार? दोन शीटमधली फट राहिली, तर उष्णता तिथूनच येते.
• आणि थर्मामीटर दाखवणाऱ्याला विचारा: हे तापमान कशाचं?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. रीलमध्ये पिस्तुलासारखं दिसणारं जे यंत्र असतं, ते पृष्ठभागाचं तापमान सांगतं, खोलीतल्या हवेचं नाही. रंगामुळे गच्चीचा पृष्ठभाग १५-२० अंशांनी उतरू शकतो, खोली तेवढी उतरत नाही. आणि चकचकीत फॉइलवर हे यंत्र रोखलं, तर ते हमखास चुकीचा, कमी आकडा दाखवतं, कारण फॉइल स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकतच नाही. विक्रेत्याला हे माहीत असेलच असं नाही, तुम्हाला माहीत असलेलं बरं.

खर्चाआधी दोन दिवसांची परीक्षा

साधा भिंतीवरचा थर्मामीटर आणा. दुपारी तीनला आणि रात्री नऊला, खोलीत आणि बाहेर सावलीत, असे चार आकडे दोन दिवस लिहून ठेवा. दुपारी आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा जास्त असेल, तर तुमचा प्रश्न पत्र्याचा आहे: पांढरा रंग आणि खाली हवेची पोकळी. रात्री आत बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंश जास्त असेल, तर प्रश्न साठलेल्या उष्णतेचा आहे: गच्चीवरून इन्सुलेशन आणि रात्री खिडक्या उघड्या. दोन्ही वेळा आत-बाहेर जवळपास सारखं असेल, तर इन्सुलेशनपेक्षा हवा खेळती ठेवण्यावर खर्च करा.

मग सगळ्या घराचं काम देऊ नका. एका खोलीचं करा, त्याच थर्मामीटरने पुन्हा आठवडाभर मोजा आणि शेजारच्या खोलीशी तुलना करा. ती एक खोली निवडताना हॉल निवडू नका. दुपारी घरातलं सगळ्यात म्हातारं किंवा सगळ्यात लहान माणूस जिथे असतं, ती निवडा. त्यांच्यापैकी कोणाचं अंग तापून बडबड सुरू झाली किंवा शुद्ध हरपत असेल, तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा.